बाभळीचा गुडघा

लिस्बनच्या दवाखान्यात शरयू चौगुलेनं इनेसबाईंचा यांत्रिक पाय उघडला. तो अडल्यापासून बाई खाटेवरच होत्या. असा पाय शरयू पहिल्यांदाच बघत होती, तरी तिचे हात सरावल्यासारखे चालत होते.

पुढे कुठल्या देशाला कसले कारागीर लागतील ते संगणक आधीच सांगायचा, आणि तसे आयटीआयमध्ये वर्ग निघायचे. मिरजेच्या वाट्याला हे पाय आले तेव्हा ते जगात कुठं बनलेच नव्हते. मग शिकवायला गुरव सरांनी बाभळीचा गुडघा घडवला. सांधा नीट बसल्यावर येणारा ‘टक्’ आवाज ते जिभेनं काढून दाखवायचे. खंडेनवमीला हत्यारांसोबत त्या गुडघ्यालाही झेंडूची माळ घालायचे. पोरं फिदीफिदी हसायची. शरयूसुद्धा.

तिनं सांधा बसवला. आवाज आला नाही. खोलून पुन्हा बसवला. टक्.

इनेसबाई उठून खिडकीपर्यंत चालत गेल्या; पावलागणिक टक्. शरयूनं मिरजेला सरांना फोन लावला आणि बाई परत येऊ लागल्या तसा त्यांच्या गुडघ्याशी धरला.

“सर, ऐका. तुम्ही काढायचात तस्साच.”

तिनं फोन आणखी जवळ नेला.

“सर, ऐकू आलं ना?”

“आलं गं बाळ,” सर म्हणाले. “बाईंना म्हणावं, अजून एकदा चाला.”