बाळाची टेकडी

तान्ह्या लेकराला अग्नी देत नाहीत, म्हणून स्वरूपाची पहिली मुलगी जर्मनीत हायडेलबर्गजवळच्या त्यांच्या गावातल्या दफनभूमीतच निजली होती. रोज सकाळी तिला एक फूल वाहिल्याशिवाय स्वरूपा पाणीसुद्धा पीत नसे.

शुक्रवारी तिचा नवरा प्रताप दफनभूमीच्या कचेरीतून पडलेल्या चेहऱ्याने परतला. "जागेच्या भाड्याची मुदत संपली, आणि लहान मुलांच्या जागेची ती वाढवत नाहीत गं. खूप विनवलं मी. पुढच्या महिन्यात दगड काढून तिथे गवत पेरणार."

"अहो, पण ती कुठे जाईल?"

रविवारी तिचं मन रमावं म्हणून प्रताप तिला आणि मुलाला रानातली जुनी टेकडी दाखवायला घेऊन गेला. धाकट्या ध्रुवने पाटी वाचली, "आई, ही कबर आहे, एका बेबीची! अडीच हजार वर्षं जुनी. इथे खणायला मनाई, फरबोटन!"

"कधीच नाही?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. कधीच नाही."


सोमवारी स्वरूपाने लेकीच्या दगडापाशी फूल वाहिलं, तिथली मूठभर माती ओढणीच्या टोकात बांधली आणि पाणीही न पिता टेकडीची वाट धरली.