कोरडा दिवस

शेजारच्या जपानी ओगावाबाईंच्या हॉलमध्ये बाहुल्या अजून मांडलेल्याच होत्या. लाल कापड घातलेल्या पायऱ्या, सगळ्यात वर राजा-राणी, त्यांच्याखाली तीन दासी आणि कडेला बोटभर उंचीच्या फुलदाणीत पीचची कागदी फुलं. सण तीन मार्चला झाला होता. त्याला आठवडा उलटून गेला होता.

अरुणाबाई चपला दारात काढून आत आल्या. सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट भागातल्या या कॉन्डोत त्या सारंगकडे, म्हणजे मुलाकडे, राहायला आल्यापासून दोन्ही दारांमध्ये येणंजाणं होतं. दोघी सत्तरीच्या आसपासच्या आणि दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं. आज मात्र बोलणं सोपं जाणार होतं, कारण कस्तुरी बरोबर होती. अरुणाबाईंची ही लेक आठ दिवसांसाठी म्हणून आली होती आणि संध्याकाळच्या विमानानं मुंबईला, तिथून नाशिकला सासरी परत निघाली होती. आठ दिवसांत जावयाचा फोन एकदाच आला होता, परत कधी येणार ते विचारायला.

ओगावाबाई सांगत होत्या आणि कस्तुरी ते मराठीत आणत होती. हा मुलींचा सण. मुलगी जन्मली की तिच्या आजोळहून बाहुल्या येतात. पण सण झाला की त्या लगेच आवरायच्या. तशाच राहिल्या तर मुलीचं लग्न लांबतं, ती घरातच राहते.

"म्हणजे आपल्या गौरीच की," अरुणाबाई म्हणाल्या. "आल्या, जेवल्या, तिसऱ्या दिवशी निघाल्या. अक्षता टाकून जागच्या जराशा हलवल्या की झालं. सांग त्यांना."

कस्तुरीनं आईकडे पाहिलं. मग ती इंग्रजीत काहीतरी बोलली. त्यातलं 'थर्ड डे' तेवढं अरुणाबाईंना कळलं. ओगावाबाईंनी मात्र मान डोलावता डोलावता कस्तुरीच्या मनगटावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

ओगावाबाईंच्या सासूबाई फार कडक होत्या म्हणे. सणाच्या संध्याकाळीच पेटी काढायला लावायच्या. आधी प्रत्येक बाहुलीचा चेहरा मऊ कागदात गुंडाळायचा आणि मग बाकीची बाहुली. ओगावाबाईंनी एक वर्षही चुकवलं नाही. मुलगी बाविसाव्या वर्षी लग्न होऊन ओसाकाला गेली. ती आता क्वचित येते. आली की हॉटेलात उतरते.

मग यंदा अजून का नाही आवरल्या, असं अरुणाबाईंनी लेकीला विचारायला लावलं. ओगावाबाईंचं म्हणणं असं पडलं की दमट हवेत बाहुल्या पेटीत भरल्या तर त्यांना बुरशी धरते. त्यासाठी कोरडा दिवस बघावा लागतो. एवढं सांगून त्यांनी खिडकीबाहेर हात पसरला.

"सिंगापूर," त्या म्हणाल्या, "नो ड्राय डे."

कस्तुरी खुदकन हसली.

"काय गं? काय म्हणाल्या?"

"काही नाही. म्हणतायत, इथे दारू रोज मिळते."

आठ दिवसांत अरुणाबाईंनी लेकीला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. त्या हसण्याच्या नादात त्यांचं लक्ष पायऱ्यांच्या मागे गेलं. तिथे हवेतला ओलावा शोषून घ्यायचं यंत्र घरघरत होतं. त्याची पाण्याची टाकी निम्मी भरली होती. कस्तुरीनंही ते पाहिलं. हॉलमधली हवा कोरडीच होती.

घरी परतल्यावर कस्तुरी बॅग भरायला बसली. सारंग आणि सूनबाई ऑफिसात होते. टॅक्सी यायला अजून अवकाश होता. अरुणाबाई बाल्कनीत कपड्यांच्या स्टँडजवळ जाऊन उभ्या राहिल्या. लेकीचे दोन कुर्ते तेवढे काढायचे राहिले होते.

दोन वर्षांपूर्वी गौरींना कस्तुरी पुण्याला माहेरी आली होती, तेव्हा तिनं सांगितलं होतं की मला परत जायचं नाही. एकदाच सांगितलं होतं. अरुणाबाईंनी त्यावर, सगळ्यांच्याच घरी थोडंफार असतं, असं काहीतरी म्हटलं होतं. ज्या दिवशी गौरी उठल्या त्या दिवशी पाऊस होता. माझे कपडे अजून ओले आहेत, उद्या जाते, असं कस्तुरी म्हणाली होती. ती त्याच संध्याकाळच्या बसनं गेली. तेव्हापासून ती माहेरी काही सांगत नव्हती. विचारलं तर 'बरं आहे' म्हणायची.

"आई, कुर्ते आणतेस ना?" आतून हाक आली.

अरुणाबाईंनी कुर्ते काढले आणि छातीशी धरून त्या आत आल्या. उघड्या बॅगेपाशी थांबल्या, पण हातातले कपडे त्यांनी खाली ठेवले नाहीत.

"हे दमट लागतायत," त्या म्हणाल्या. "असेच भरलेस तर वास मारतील. राहू देत. उद्या-परवा वाळतील. नाहीतर पुढच्या आठवड्यात. वाळतील तेव्हा बघू."

कस्तुरीनं मान वर केली. मग तिनं एका कुर्त्याची बाही दोन बोटांत धरून चाचपली. दुपारभराच्या उन्हानं बाही कडक झाली होती. तिनं दोन्ही कुर्ते आईच्या हातांतून अलगद सोडवून घेतले, पलंगावर पसरले आणि बाह्या जुळवून घडी घालायला लागली.

"मग इस्त्री फिरव की, आई," ती हळूच म्हणाली. "गौरी उठल्या तेव्हा फिरवली होतीस ना."