सातवी शिवी

शिलाई कारखान्यातल्या मुकादमाविरुद्ध माझ्याआधी दोघींनी तक्रार केली होती. दोघींनीही लाजेपायी 'अर्वाच्य शिवीगाळ' एवढंच लिहिलं, आणि नेमके शब्द नाहीत म्हणून तो दोन्ही वेळा सुटला. तिसरी मी.

चौकशीच्या खोलीत तो पायावर पाय टाकून बसला होता. "मी तर कुणाला अरेतुरेही करत नाही," असं आधीच सांगून मोकळा झालेला.

चौकशी अधिकारी बाई मला म्हणाल्या, "काय बोलले ते जसंच्या तसं सांगा. मला लिहून घ्यायचंय."

मी त्याच्या डोळ्यांत बघून सुरुवात केली. आईवरून दिलेली, रंगावरून दिलेली, बाळंतपणाच्या रजेवरून दिलेली. अशा सहा झाल्या, तरी तो गालातल्या गालात हसत होता. सातवी मी सावकाश दिली, एकेक अक्षर सुटं करून.

तो ताडकन उठला. "ही मी दिलेली नाही. आईशप्पथ, ही कधीच नाही दिली."

बाईंनी मान वर केली. "बरं. म्हणजे आधीच्या सहा दिल्यात."

तो मटकन खाली बसला.

सही करण्याआधी मी सातवी खोडायला लावली. ती त्याची नव्हतीच. माझी होती, आणि ज्याला द्यायची त्याला पोचली होती.