दुखतं कुठं?

"दुखतं कुठं?" तातोबा हाडवैद्यांनी सवयीनं विचारलं आणि लगेच जीभ चावली. हल्ली कुणाला कुठंच दुखत नव्हतं. सांध्यात एक सुई टोचली की तो वर्षभर मुका व्हायचा.

समोर कबड्डी खेळणारी अश्लेषा बसली होती. तिचा घोटा टम्म सुजला होता. "आबा, हाड मोडलंय का, एवढंच सांगा. अर्ध्या तासात फायनल आहे."

पन्नास वर्षं तातोबा अंगठ्यानं हाड चाचपत आणि नजर चेहऱ्यावर ठेवत आले होते. चेहरा जिथं वेडावाकडा होईल, तिथं हाड मोडलेलं. अश्लेषाचा चेहरा मात्र कोऱ्या पाटीसारखा होता.

बाहेर मैदानावर शिट्टी वाजली. तातोबांनी होता नव्हता तेवढा जोर अंगठ्यांत आणून घोटा दाबला.

काडकन आवाज आला.

"मोडलेलंच होतं ना?" अश्लेषानं शांतपणे विचारलं.

तातोबांनी झटकन हात मागं घेतले. संधिवाताला कंटाळून गेल्याच महिन्यात त्यांनीही दोन्ही अंगठ्यांत सुई घेतली होती. त्यांनी तिच्या घोट्याकडं पाहिलं, मग आपल्या अंगठ्यांकडं. काहीतरी मोडलं होतं एवढं नक्की. पण कुणाचं, हे सांगायला दुखणंच उरलं नव्हतं.