जयंतीताईचं विरजण

“मांस, दूध किंवा दुधाचं काही आहे का गाडीत?” तपासणीवाल्याने इंग्रजीत विचारलं. मृदुलाने तोंड उघडायच्या आत आशुतोषने काच पूर्ण खाली केली.

“छे, आम्ही शुद्ध शाकाहारी. फक्त थोडं दही आहे.”

मृदुलाने डोळे मिटून घेतले. इंग्लंडमध्ये हार्विचला बोटीत गाडी चढवताना तिने नवऱ्याला दोनदा बजावलं होतं, बोलायचं काम माझं. पण सरकारी माणूस दिसला की आशुतोषच्या पोटात काही राहत नाही. पंधरा वर्षं आयटीत काढली, फॉर्मवरचा एकही रकाना कधी रिकामा सोडला नाही.

“बाजूला घ्या,” तपासणीवाला म्हणाला.

आशुतोषने गाडीमागचा ट्रेलर उघडला. मृदुलाच्या जयंतीताईचं शिवणयंत्र, बिडाचा तवा, पुस्तकांची खोकी, तीन रिकाम्या कुंड्या. ब्रिटन युरोपीय संघातून वेगळं झाल्यापासून तिकडची माती इकडे चालत नाही, म्हणून आशुतोषने त्या कुंड्या दात घासायच्या ब्रशने घासल्या होत्या. तपासणीवाल्याने त्या उलट्या करून पाहिल्या आणि मान डोलावली. मागच्या सीटवर पिंजऱ्यात खारी होती, ताईची मांजरी. तिचे दहा पानी कागद, रेबीजची लस, मानेतली चिप, सगळं चार मिनिटांत तपासून झालं. हूक व्हान हॉलंडच्या धक्क्यावर खारी युरोपात दाखल झाली.

“आता दही.”

मृदुलाने मांडीवरचा स्टीलचा डबा सोडला नाही. “हे दही नाही. विरजण आहे. ह्यातलं चमचाभर रोज दुधाला लावायचं, म्हणजे दही होतं.”

“म्हणजे दूधच. ब्रिटनमधून येत असेल तर नाही चालत, मॅडम.”

“माझ्या आईच्या घरचं आहे. आईकडून बहिणीने लेस्टरला नेलं. सव्वीस वर्षं एक दिवस खंड नाही. फेब्रुवारीत बहीण गेली, कोविडने. तिचे अंत्यसंस्कार मी लॅपटॉपवर पाहिले. शेजारणीने पाच महिने मांजर सांभाळलं आणि हेही सांभाळलं.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. मास्कच्या वर नुसते डोळे दिसत होते, आणि ते काही वाईट नव्हते. “आय ॲम सॉरी,” तो म्हणाला, आणि ते खरं वाटलं. मग त्याने टेबलाखालचा प्लास्टिकचा टब पायाने पुढे सरकवला. त्यात हॅमची सँडविचेस होती, चीजचे तुकडे, कुणाचा तरी अर्धा पिझ्झा.

“ह्यात?” मृदुला म्हणाली.

“नियम मी केलेला नाही.”

नियम कुणीच केलेला नसतो. विमानं भरभरून रोग जगभर फिरला तेव्हा कुठला टब पुढे आला नव्हता, आणि आता चार चमचे दह्याला बंदी. पण मृदुलाला खरा राग स्वतःचाच आला होता. हा नियम लागू होण्याआधी, गेल्या डिसेंबरपर्यंत, बादलीभर दही आणलं असतं तरी कुणी विचारलं नसतं. दर उन्हाळ्यात ताई डबा पुढे करायची, आणि ही म्हणायची, राहू दे गं, पुढच्या खेपेला नेते.

“अगं, दुकानातलं आणून नवीन लावू,” आशुतोष हळू आवाजात म्हणाला. “दही ते दहीच.”

“उद्या मी मेले तर बायकोही दुकानातूनच आण. बायको ती बायकोच.”

रांगेतल्या एका गाडीने हॉर्न दिला.

“हवं तर इथे खाऊन टाका,” तपासणीवाला म्हणाला. “पोटात काय आहे ते मी तपासत नाही.”

“खा ना,” आशुतोषने री ओढली. “निदान हॅमवर तरी पडणार नाही.”

“विरजण कुणी खाऊन संपवतं का रे?” ती म्हणाली. ताईने ते एकदाही संपवलं नव्हतं. आजारपणात ॲम्ब्युलन्स दाराशी आली तेव्हाही शेजारणीला हाक मारून डबा हातात दिला होता.

मृदुला गाडीतून उतरली. मास्क काढून हातात घेतला, डबा उघडला आणि तिथेच टेबलाशी उभी राहून बोटांनी दही खाऊ लागली. आंबट झालं होतं. ताईचं असंच असायचं, किंचित जास्त आंबट. खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते तिने पुसलं नाही. तपासणीवाल्याने तोंड फिरवून समुद्राकडे पाहिलं.

तळाशी चमचाभर उरलं. मृदुला थांबली. मग हातातला सुती मास्क तिने त्यात दाबला, कडेकडेने फिरवला, डबा लख्ख होईपर्यंत.

तपासणीवाला वळला. त्याने रिकामा डबा तिरका करून पाहिला आणि परत दिला. “थँक यू, मॅडम. मास्क लावा, प्लीज.”

तिने लावला. ओला, गार कपडा नाकातोंडाला चिकटला.

गाडी रॉटरडॅमच्या रस्त्याला लागली. आशुतोष म्हणाला, “आता काढ की तो. गाडीत आपण दोघंच आहोत.”

मृदुलाने मान हलवली. मास्कची कड दोन बोटांनी जपून धरली.

“उइटहॉर्नला शिरलास की घरी जायच्या आधी आल्बर्ट हाइनच्या दुकानापाशी थांब,” ती मास्कच्या आतून म्हणाली. “दूध घ्यायचंय. सायीचं.”