आतलं कुंकू

मंचरच्या दुकानदारानं स्वतःच वॉरंटीवर विकलेला आणि हनुमंतानं बंद पडला म्हणून परत आणलेला जुना मोबाइल उघडला आणि आतलं कुंकू बोटावर घेऊन सगळ्यांना दाखवलं. “काका, फोनची पूजा केली व्हय? कुंकवानंच बिघडला, वॉरंटी गेली. आता नारळ फोडा.” गिऱ्हाइकं हसली, फुकटची करमणूक कोण सोडतो? हनुमंताच्या मुलाच्या नोकरीच्या अर्जात ह्याच फोनचा नंबर होता; कंपनीचा फोन आजच यायचा होता. उत्तर जिभेवर होतं, पण ते दिलं की आपण कोण हे चौघांत उघड होणार. “भाऊ, आमी बौद्ध. आमच्यात वस्तूची पूजा करत न्हाईत. ह्ये कुंकू आधीच्या मालकाचं. म्हंजी बिघाडबी त्याचाच, आन् तुमी तो मला इकला.” कुणीच हसलं नाही. दुकानदारानं बोट पुसलं, वॉरंटीतल्या दुरुस्तीची पावती ओढली. “नाव?” हनुमंतानं आडनावासकट सांगितलं.