तिसरी खुर्ची

मागच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला जोहराने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तो तोंड उघडायच्या आत त्याला विळीपाशी बसवलं.

“इलस? बरां झालां. ती सुरमय काप आधी.”

पुतण्या आदिल आपल्या होडीवरचा परमुलखातला खलाशी मदतीला धाडणार होता. या खलाशांना आपलं बोलणं कळत नाही, हे जोहराला ठाऊक होतं. हाही नुसता हसला. पण सुरमईचे तुकडे त्याने असे झकास पाडले की जोहराचा जीव भांड्यात पडला.

कारण पर्यटकांना खोल्या देणाऱ्या तिच्या वेंगुर्ल्यातल्या घरी या वेळी उतरलेले पाहुणे साधेसुधे नव्हते. दूर समुद्रात एक युद्ध संपून बेटांचा नवा देश जन्माला आला होता. त्याच्या बंदरावर दोन बड्या देशांचा डोळा. दोघांचे दूत इथे गुपचूप बोलणी करायला आले होते. नव्या देशाने नुकताच नेमलेला मंत्रीही यायचा होता, पण त्याचं विमान चुकलं म्हणे. दिवाणखान्यात तिसरी खुर्ची रिकामीच होती.

“तो आलाच नाही तर?” जोहराने ही बोलणी जुळवायला दिल्लीहून आलेल्या नम्रता मॅडमना विचारलं.

“मग हे दोघं बंदर वाटून घेतील, चाची.”

जोहराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “निकाह लावक बसलेत, आणि नवरो खंय आसा?”

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसऱ्याचाच पत्ता नव्हता. एक दूत पडवीत, दुसरा माडाखाली, आपापल्या माणसांशी किती ताणायचं आणि कुठे सोडायचं ते ठरवत बसे. जोहरा आतून हाक मारी, “रे, दोन चाय!” आणि खलाशी कप घेऊन जाई. चहा आणणाऱ्याकडे मान वर करून कोण बघतो? कुणी आवाजही खाली आणत नव्हतं.

एकदा तर त्याने ट्रे नेमका नकाशावर ठेवला. बेटं चहात न्हाली.

“मेल्या, आख्खो देश बुडवलस!” जोहरा ओरडली. बिचाऱ्या त्या देशाचं तिला खरंच वाईट वाटत होतं.

नम्रता मात्र हसल्या. “असू दे, चाची. चहा त्यालाच नेऊ दे.”

शेवटच्या बैठकीच्या दिवशी कांदे अर्धवट चिरलेले आणि खलाशी गायब. जोहरा करवादत असतानाच आदिलचा फोन आला.

“चाची, माफ कर गो. खलाशी काय गावलोच नाय. उद्या बगतंय.”

“मगे ह्यो...”

जोहरा फोन तसाच धरून दिवाणखान्याच्या पडद्याशी गेली. घशात काटा अडकावा तसे दोन्ही दूत समोर बघत होते. तिसऱ्या खुर्चीत पांढराशुभ्र सदरा घातलेला एक माणूस बसला होता. पडदा हलताच त्याने वळून पाहिलं आणि तो ओळखीचं हसला.

“चाची,” तो म्हणाला, “तीन चाय!”